खारा वारा, कळकलेली वायर आणि गाडीतला रेडिओ

गाडीत बसवलेल्या हौशी रेडिओ संचांविषयी या वेळी आलेली बहुतेक पत्रे किनारपट्टीवरून आली आहेत, आणि त्यात नवल नाही. घाटमाथ्यावर जी जोडणी दहा वर्षे कुरकुर न करता चालते, ती देवगड-वेंगुर्ल्याला दोन पावसाळ्यांत मान टाकते. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य मात्र समान आहे: ‘मीटर लावून पाहिला, सर्व ठीक आहे, तरी सेट चालत नाही.’ मीटर, म्हणजे व्होल्ट-ओहम मोजणारा मल्टीमीटर, खोटे बोलत नाही. त्याला प्रश्न चुकीच्या वेळी विचारला जातो. निवडक पत्रांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझ्या डिझेल जीपमध्ये दोन मीटर पट्ट्यावरचा (दोन मीटर लांबीच्या लहरींचा) ५० वॅटचा एफएम सेट आहे. ऐकताना काही अडचण नाही, परंतु पूर्ण शक्तीवर माइकचे बटण दाबताच पडदा मंदावतो आणि सेट बंद पडून पुन्हा चालू होतो. ५ वॅटवर ठेवला तर तासभर बोलता येते. गॅरेजमधल्या वायरमनने बॅटरीपासून सेटपर्यंतच्या दोन्ही वायरी मीटरने तपासल्या. दोन्हींवर बीप वाजली. बॅटरी नवीन आहे. आईने सुचवले म्हणून बॅटरीचे क्लॅम्प आमसुलाने घासून लखलखीत केले, तरी फरक पडला नाही. सेट दुरुस्तीला पाठवावा काय? — एक वाचक, देवगड

उत्तर : सेट पाठवू नये, निदान इतक्यात तरी नाही. ‘५ वॅटवर चालतो आणि ५० वॅटवर बंद पडतो’ या एका वाक्यात आपण अर्धे निदान स्वतःच लिहून पाठवले आहे. कमी शक्तीवर असा संच तीन-चार अँपिअर ओढतो, पूर्ण शक्तीवर दहा-अकरा. बहुतेक संच १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि त्याच्या पंधरा टक्के खालपर्यंत, म्हणजे सुमारे ११.७ व्होल्टपर्यंत, निर्मात्याची हमी असते. त्याखाली व्होल्टेज घसरले की आतला नियंत्रक गोंधळतो आणि सेट स्वतःला पुन्हा सुरू करतो. आपल्याकडे नेमके हेच घडत असावे.

आता त्या बीपविषयी. मीटर बीप देतो ती स्वतः सोडलेल्या जेमतेम मिलिअँपिअरभर प्रवाहाच्या जोरावर, आणि वीस-तीस ओहमचा मार्गसुद्धा पुष्कळसे मीटर ‘जोडलेला’ समजतात. वायरीचे सगळे पदर कुजून एकच उरला असला तरी बीप तितकीच खणखणीत वाजेल. याउलट, ११ अँपिअर प्रवाहाला ०.१ ओहमचा अडथळा १.१ व्होल्ट खातो, आणि ०.१ ओहम हा साध्या मीटरच्या प्रोबच्या वायरींच्या स्वतःच्या रोधाहूनही लहान आकडा आहे. म्हणून ओहमच्या मापावर गाडीतली अर्थिंग कधीही पारखू नये. सेट पूर्ण शक्तीवर बोलत असताना व्होल्ट मोजावेत, आणि तेही वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

इंजिन बंद ठेवावे. सोबतीला माइक द्यावा. शक्य असेल तर अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (लहरी बाहेर न सोडता शक्ती पचवणारा रोध) लावावा, नसेल तर रिकामी वारंवारता पाहून, आपले कॉल साइन (परवान्यावरचे ओळखचिन्ह) सांगून पाच-सात सेकंदच बटण दाबावे. पहिले मोजमाप बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर घ्यावे, क्लॅम्पवर नव्हे. दुसरे सेटच्या मागच्या प्लगवर घ्यावे. दोहोंतला फरक म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. त्यानंतर काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि लाल प्रोब सेटच्या निगेटिव्ह पिनेवर ठेवून तीच कृती करावी, आणि पॉझिटिव्ह बाजूचीही त्याचप्रमाणे. पूर्ण शक्तीवर प्रत्येक बाजूला पाव व्होल्टच्या आसपास घट असेल तर जोडणी उत्तम आहे; अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेली की दोष शोधायला हवा. शोधायचा कसा, तर एक प्रोब खुंटावर तसाच ठेवून दुसरा टप्प्याटप्प्याने पुढे न्यायचा: क्लॅम्प, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), फ्यूजची अलीकडची बाजू, पलीकडची बाजू, प्लग. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो, तेथे दोष आहे.

माझ्या जुन्या जीपमध्ये हीच उडी थिंबलपाशी सापडली होती. बाहेरून ते थिंबल चांगले दिसत होते, वर पारदर्शक नळीही होती. नळी कापली तेव्हा तोंडाशी मोरचुदी रंगाचा भुगा निघाला. वायरीचे आवरण बोटभर सोलले तर तांबे काळे, आणखी बोटभर सोलले तरी काळेच. वीतभर मागे गेल्यावर तांब्याचा रंग दिसला. त्या काळ्या पदरांना राळ भरलेल्या सोल्डरनेही धरले नाही, ते थेंब होऊन गळून पडले. खारट ओलावा आवरणाच्या आतून, दिव्याच्या वातीतून तेल चढते तसा, पदरापदरांमधून वर चढतो. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवलेली आमटी कळकते हे आपल्या आईला सांगावे लागणार नाही. उघड्या तांब्याच्या वायरीचे किनाऱ्यावर थोडेफार तसेच होते. म्हणून बोटींसाठी मिळणारी, प्रत्येक पदराला कथिलाची कल्हई केलेली वायर घ्यावी. ती साध्या वायरीहून महाग पडते, परंतु समुद्राच्या हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याने तेथे काटकसर करू नये.

वायरीची जाडीही तपासावी. बॅटरीपासून सेटपर्यंत साडेचार मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन नऊ मीटर होतात. १.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरीत ११ अँपिअरला सुमारे १.३ व्होल्ट जातात, २.५च्या वायरीत ०.८, आणि ६च्या वायरीत जेमतेम एक तृतीयांश व्होल्ट. गॅरेजमध्ये हॉर्नसाठी असलेल्या गुंडाळीतली वायर ओढून दिली जाते, तेव्हा हे गणित कोणी करत नाही. फ्यूजची डबीही उघडून पाहावी. स्वस्त डबीतल्या पात्यांची पकड ढिली पडते, तेथे उष्णता होते आणि प्लॅस्टिक तपकिरी पडते. बोट लावले तरी चटका कळतो.

राहिला आमसुलाचा मुद्दा. पितळ त्याने उजळते हे खरे, परंतु आम्ल सांधीत राहिले तर पुढच्या गंजाची सोय होते. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने ती जागा धुऊन, साध्या पाण्याने विसळून, पूर्ण कोरडी करावी, क्लॅम्प आवळावा आणि मग वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. हा क्रम उलटा करू नये.

प्रश्न : २०२१च्या जुलैमधल्या पुरात बुडालेली मोटार आम्ही नंतर दुरुस्त करून घेतली. तिच्यात रेडिओ बसवून वर्ष झाले. सेटच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीला जोडल्या असून दोन्हींवर फ्यूज आहेत. अलीकडे सेल्फ मारताना निगेटिव्ह वायरीचा फ्यूज दोनदा उडाला, तोही सेट बंद असताना. एकदा सेटमागची अँटेनाची केबल हाताला कोमट लागली. गाडी सुरूही कष्टाने होते. यजमानांचे म्हणणे, फ्यूज मोठा टाकावा. आपले मत काय? — एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : फ्यूज मुळीच वाढवू नये. त्या फ्यूजने आपला सेट, आणि कदाचित गाडीही, दोनदा वाचवली आहे.

सेट बंद असताना त्याच्या वायरीतून फ्यूज उडण्याइतका प्रवाह जातो, याचा अर्थ तो सेटचा नाही, सेल्फचा आहे. सेल्फ मोटर शंभर ते दोनशे अँपिअर ओढते, आणि तो प्रवाह इंजिनच्या धडातून जाड अर्थ-पट्टीने बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो. ती पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजला की प्रवाह दुसरी वाट शोधतो. आपल्या गाडीत ती वाट तयारच आहे: इंजिनातून बॉडीत, बॉडीतून अँटेनाच्या बैठकीत, तेथून केबलच्या जाळीतून सेटच्या धातूच्या पेटीत, आणि पेटीतून निगेटिव्ह वायरीने थेट बॅटरीला. केबल कोमट लागली ती त्यामुळेच.

खात्री करणे सोपे आहे. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला तर मुख्य पट्टी दोषी आहे. त्यानंतर तीच परीक्षा निगेटिव्ह खुंट आणि बॉडी यांच्यामध्ये करावी. पुरातून वर आलेल्या गाडीत पट्टीच्या बोल्टाखाली गाळाचा पातळ थर राहिलेला असतो, आणि तो बाहेरून कितीही धुतला तरी निघत नाही. बोल्ट काढून, दोन्ही पृष्ठभाग चकाकेपर्यंत घासून, दातेरी वॉशर घालून आवळावा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावावे.

पट्टी दुरुस्त झाल्यावर सेटची निगेटिव्ह वायर बॅटरीच्या खुंटावरून काढून, बॅटरीची स्वतःची निगेटिव्ह केबल बॉडीला जेथे बोल्टने जोडली आहे तेथे आणावी, असे मी सुचवीन. दोन्ही वायरी थेट बॅटरीला, हा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला आणि दोन्हींवर फ्यूज असतील तर तो चुकीचाही नाही. परंतु वरच्यासारखी आडवाट त्यामुळेच उघडी राहते. शिवाय अलीकडच्या अनेक गाड्यांत निगेटिव्ह खुंटावर छोटी संवेदक डबी असते, जी बॅटरीतून किती प्रवाह गेला आणि किती परत आला याचा हिशेब ठेवते. सेटची वायर डबी ओलांडून थेट खुंटाला लावली तर सेटने घेतलेली वीज हिशेबात येत नाही आणि चार्जिंगचे नियंत्रण फसते. पॉझिटिव्ह वायर मात्र बॅटरीलाच, आणि तिचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा. आसनाच्या बोल्टाला अर्थ जोडण्याचा मोह टाळावा. त्या बोल्टावर गालिच्याखालची सगळी ओल येऊन बसते.

प्रश्न : माझा आवाज इतरांना ‘कुईं’ अशा शिटीसह ऐकू जातो. ॲक्सिलरेटर दाबला की शिटी चढते. शिवाय मला ऐकताना एक वेगळीच खरखर येते, ती मात्र इंजिन बंद असतानाही चालूच राहते. — एक वाचक, गुहागर

उत्तर : हे दोन स्वतंत्र आजार आहेत, त्यांना एका औषधाने बरे करू पाहू नये.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिटी अल्टरनेटरची, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला अजूनही डायनॅमो म्हणतात त्याची. त्यातली तीन फेजची वीज सहा डायोडांतून सरळ होते, पण पूर्ण सपाट होत नाही. तिच्यावरच्या उरलेल्या लाटा बॅटरी शोषून घेते. सेटला वीज बॅटरीच्या खुंटावरून न देता डॅशबोर्डमधल्या एखाद्या वायरीवरून किंवा सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून दिली असेल तर त्या लाटा सेटमध्ये शिरतात. प्रथम हे बदलावे. तरी शिटी राहिली तर इंजिन किंचित वाढवून, हेडलाइट लावून, बॅटरीवर एसी व्होल्ट मोजावेत. मिलिव्होल्टांत दोन आकडी संख्या दिसली तर चालेल. अर्ध्या व्होल्टच्या जवळ आकडा गेला तर एखादा डायोड गेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि तसे असताना फिल्टर विकत घेणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणे. एक सावधगिरी: स्वस्त मीटर एसीच्या मापावर डीसीलाच फसतात आणि पंचवीस-तीस व्होल्ट दाखवतात. प्रोबांची अदलाबदल केल्यावर आकडा शून्याकडे गेला तर मीटर फसला आहे असे समजावे.

इंजिन बंद असताना येणारी खरखर शोधायला कान पुरेसे आहेत. अँटेना काढून ऐकावे, मात्र त्या वेळी माइकचे बटण दाबू नये. खरखर गेली तर ती हवेतून येते. राहिली तर वीजवायरीतून. मग गाडीतली एकेक वस्तू बंद करत जावे. घाटातल्या धुक्यासाठी बंपरवर बसवलेले एलईडी दिवे आणि मोबाइलचे स्वस्त चार्जर हे माझ्या अनुभवात पहिले दोन आरोपी असतात. गणपतीत चाकरमानी पाहुणे आले की मागच्या सॉकेटात दोन-दोन चार्जर लागतात आणि दोन मीटरवर काहीही ऐकू येईनासे होते. पाहुणे परतले की रेडिओ आपोआप बरा होतो.

प्रश्न : मी ७ मेगाहर्ट्झवर, मागच्या दाराच्या कडेला बसवलेल्या, मध्ये कॉइल असलेल्या अडीच मीटरच्या अँटेनाने काम करतो. एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना यांचा मेळ दाखवणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण मेळ) सुंदर होता, १.२. मित्राच्या सांगण्यावरून बोनेट, डिकी आणि सायलेन्सरची नळी बॉडीला पट्ट्यांनी जोडली, तर एसडब्ल्यूआर वाढून २.३ झाला. पट्ट्या काढून टाकाव्या काय? आधी अँटेनाच्या बैठकीपासून बॅटरीपर्यंत मीटरभर लांब अर्थ वायरही टाकली होती; तिचा काहीच उपयोग झाला नाही. — एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : या पत्राने मला फार आनंद झाला, कारण आपल्या हातून काम बरोबर झाले आहे आणि मीटरने आपल्याला घाबरवले आहे.

अर्थ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळी कामे घालतो. बॅटरीचा प्रवाह परत नेणे हे एक. तेथे जाड वायर आणि स्वच्छ सांधा पुरतो. रेडिओ-लहरींच्या प्रवाहाला पसरायला धातूचा विस्तार देणे हे दुसरे, आणि तेथे वायरीची जाडी फारशी कामाची नाही. मीटरभर सरळ वायरीचे इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण, एक मायक्रोहेन्रीच्या वर असते. बॅटरीच्या प्रवाहाला ती वायर काही मिलिओहमची. पण ७ मेगाहर्ट्झला ती ४४ ओहमहून अधिक अडथळा करते आणि २८ मेगाहर्ट्झला त्याच्या चौपट. म्हणूनच आपल्या वायरीचा उपयोग झाला नाही. तेथे रुंद आणि शक्य तितकी आखूड पट्टीच हवी, आणि ती बॅटरीकडे नव्हे, बैठकीच्या लगतच्या पत्र्याला जोडलेली हवी.

आता एसडब्ल्यूआर. ७ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबी सुमारे दहा मीटर होते आणि आपली अँटेना अडीच मीटरची. इतक्या आखूड अँटेनाचा उत्सर्जन-रोध, म्हणजे शक्ती लहरींच्या रूपाने बाहेर टाकणारा रोधाचा भाग, काही मोजक्या ओहमांचाच असतो. त्यात कॉइलमधला आणि गाडीच्या बॉडीतला अपव्यय मिसळून केबलला जो एकूण रोध दिसतो तो केबलच्या स्वतःच्या ५० ओहमच्या जवळ गेला की मीटर १.२ दाखवतो आणि आपण खूश होतो; प्रत्यक्षात बरीचशी शक्ती गंजक्या सांध्यांना ऊब देण्यात खर्च होत असते. पट्ट्या जोडल्यावर अपव्यय घटला, एकूण रोध वीस-बावीस ओहमवर आला, आणि पन्नासाला बावीसने भागले की आपला २.३ मिळतो. पट्ट्या मुळीच काढू नयेत. अँटेनाच्या पायाशी, केबल जोडलेले खालचे टोक आणि बॉडी यांच्यामध्ये, काही वेढ्यांची छोटी जुळवणी-कॉइल लावावी. वेढे कमी-जास्त करून एसडब्ल्यूआर खाली आणता येईल, आणि आधी कमावलेली शक्ती हातची जाणार नाही.

पट्ट्यांबाबत एक किनारी सूचना. विणलेली तांब्याची उघडी पट्टी आपल्याकडे एका पावसाळ्यात हिरवी आणि दोनांत ठिसूळ होते. पदरांमधला परस्पर संपर्क गेला की रेडिओ-प्रवाहाच्या दृष्टीने ती पट्टी उरतच नाही, जरी बीप वाजत असली तरी. कल्हई केलेली पट्टी घ्यावी, किंवा सरळ तांब्याच्या पत्र्याची फीत कापावी. दाराच्या कडेच्या बैठकीचे बारीक स्क्रू रंगातून आरपार जाऊन पत्र्यात रुतलेले हवेत. तेथला रंग खरवडल्यावर ती जागा त्याच दिवशी बाहेरून बंद करावी, नाही तर पुढच्या वर्षी पत्राच सापडणार नाही. ॲल्युमिनियमच्या बैठकीवर तांबे थेट टेकवू नये. मध्ये कल्हईचा वॉशर घालावा. केबलच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे वरचा पदर खालच्यावर कौलांसारखा बसतो, आणि केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथेच ठिबकते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपण गाडी धुऊन तिची पूजा करतोच. त्याच सकाळी या पट्ट्यांचे बोल्ट सोडवून पाहावेत. पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि गंज ओला असतानाच सहज निघतो.

प्रश्न : मासळी वाहणाऱ्या माझ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केले आहेत. त्यांतल्या एकाच बॅटरीवरून सेट चालवला तर? — एक वाचक, हर्णै

उत्तर : सेट चालेल, बॅटऱ्या मरतील. दोन्हींत चार्जिंगचा प्रवाह एकच जातो, पण एकीतून सेट वीज उपसत राहतो. ती कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी अतिचार्ज होऊन उकळते. २४ व्होल्टवरून १३.८ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर घ्यावा आणि तो सेटच्या कमाल प्रवाहाच्या निदान सव्वापट क्षमतेचा असावा. काही कन्व्हर्टर स्वतःच दोन मीटरवर खरखर करतात, तेव्हा विकत घेण्यापूर्वी दुकानातच हातातला रेडिओ संच (हँडसेट) त्याच्या शेजारी धरून ऐकावे.